पाण्याचा हर्रास

मासेमारी म्हटलं की आपल्या विचारवंतांना वर्सोवा आठवतो, ससून डॉक आठवतो, फार तर एखादं कोळीगीत. यवतमाळ आठवत नाही. यवतमाळ म्हटलं की कापूस आणि आत्महत्या, एवढ्यावर पेपरवाल्यांचं भागतं. पण पूस नदीवर, अरुणावतीवर, बेंबळ्यावर, सायखेड्याला, इसापूरला पैनगंगेवर धरणं बांधून जे पाणी अडवलं गेलं त्या पाण्यात मासोळी आहे, आणि त्या मासोळीवर जगणारी माणसं आहेत. ती कुणाच्या कवितेत नाहीत. सरकारी कागदात ती एका शब्दाखाली गाडलेली आहेत: भूजलाशयीन मत्स्यव्यवसाय. शब्द असा की उच्चारतानाच माणूस बुडावा.

मला या पाण्याबद्दल बोलायचं आहे. कारण या पाण्याचा हर्रास होतो. कापसाचा होतो, गुराढोरांचा होतो, तसाच तळ्यातल्या मासोळीचा. ठराविक वर्षांसाठी तळं ठेक्यानं द्यायचं, ठेक्याची रक्कम सरकारजमा करायची, पुढं पाणी जाणो आणि ठेकेदार जाणो. कागदावर तळी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतात. कागदावर तर या देशात समताही आहे.

मी स्वतः दोन हंगाम एका तळ्यावर जाळं ओढलं आहे. तळ्याचं नाव सांगत नाही, संस्थेचंही नाही. संस्था भोयांच्या नावानं होती. अध्यक्ष अंगठा उठवणारा म्हातारा. त्याच्या अंगठ्यामागे एक बिनजाळ्याचा, बिनडोंग्याचा, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. ठेक्याची रक्कम त्यानं भरली, बोटुकली त्यानं सोडली, काटा त्याचा, बर्फ त्याचा, टेम्पो त्याचा. याला पोटठेका म्हणतात. संस्थेच्या पोटात ठेकेदार, म्हणून पोटठेका असावा. आम्ही रात्री जाळी लावायचो, पहाटे काढायचो, आणि किलोमागं जे मिळायचं ते आधी घेतलेल्या उचलीत वळतं व्हायचं. घरी खायला मासोळी नेली तर ती चोरी.

माझ्या मामाचं वावर त्याच पाण्याखाली आहे. चार एकर, त्यातलं दीड एकर काळं कसदार. मामा काठावर बसून म्हणायचा, "लेका, वावर बुडालं तवा सायब म्हने, पानी सरकारचं. आता मासोळी धरतो त म्हनते, मासोळी ठेकेदाराची. मंग आपलं काय हाये रे यात? गाळच ना?" गाळही त्याचा नव्हता. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीलाही अर्ज लागतो, आणि अर्जाला ओळख लागते.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मुद्दा वेगळा आहे. तळं कशासाठी चालवायचं? नफ्यासाठी की हातांना काम मिळावं म्हणून? मत्स्यखात्याला विचाराल तर साहेब म्हणेल, दोन्हीसाठी. विचारा, मग मोजता काय? मोजतात ते ठेक्याची रक्कम आणि टनात उत्पादन. किती घरं चुलीवर राहिली हे कुठल्या रकान्यात भरतात ते मला कुणी दाखवावं.

या मागे एक शास्त्र आहे, आणि ते शास्त्र नीट समजून घेतल्याशिवाय त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. 1954 साली स्कॉट गॉर्डन नावाच्या कॅनडातल्या अर्थशास्त्रज्ञाने मांडलं की समाईक पाण्यात ज्याला वाटेल त्यानं उतरावं अशी स्थिती असली की नावा वाढत जातात, जाळी वाढत जातात, प्रत्येकाचा खर्च वाढतो, वाट्याला येणारी मासळी घटते. शेवटी पाण्यातून जो नफा निघाला असता तो सगळा खर्चात जिरतो. श्रम सगळ्यांचे, हाती काही नाही. यात खोटं काही नाही. पण यावरून जगभरच्या सरकारांनी उपाय काढला तो असा: हात कमी करा. थोड्या नावा, थोडी माणसं, जास्त नफा. मग तो नफा कुणाच्या खिशात जाईल हा प्रश्न अर्थशास्त्राचा नाही, राजकारणाचा आहे, म्हणून अर्थशास्त्री हात धुऊन मोकळे.

आणि इथेच पाणी मुरतं. त्या हिशेबात जाळं ओढणाऱ्याची मजुरी खर्चाच्या बाजूला मांडलेली असते. का? कारण असं धरलेलं असतं की हा माणूस मासे धरत नसता तर दुसरीकडे काहीतरी कमावत असता, तेवढं समाजाचं नुकसान. ठीक आहे. ज्या देशात मासेमारी सोडली की गिरणीत किंवा हापिसात काम मिळतं तिथं हे खरं असेल. यवतमाळात कापूस वेचणी आटोपली की काय मिळतं? पुण्याला जाऊन वॉचमन व्हायचं, नाहीतर ऊस तोडायला टोळीत नाव लिहायचं, नाहीतर चौकात बसायचं. त्या माणसाचे रिकामे हात तळ्यात घातले तर समाजाचं काही जात नाही. त्याची मजुरी हा तळ्याचा खर्च नव्हेच. तीच तळ्याची कमाई आहे. एकच रकाना इकडचा तिकडे केला की सगळा ताळेबंद उलटा होतो, आणि जो ठेकेदार "कार्यक्षम" दिसत होता तो गावाला तोट्यात घालणारा दिसायला लागतो.

हिशेब करून बघू. आकडे मी नमुन्यादाखल धरतो, कुठल्या एका तळ्याचे नव्हेत. धरा, 300 हेक्टरचं तळं. हेक्टरी 50 किलो मासोळी, म्हणजे वर्षाला 15 टन. काठावरचा भाव 100 रुपये किलो. एकूण 15 लाख. ठेकेदार काय करतो? बोटुकलीला 2 लाख, ठेक्याला 1 लाख, जाळी आणि राखणदार दीड लाख, आठ माणसं 100 दिवस 400 रुपये रोजानं, ते 3 लाख 20 हजार. उरले 7 लाख 30 हजार. एका खिशात. आता तेच तळं 50 घरांची खरी संस्था चालवते असं धरा. प्रत्येक घर वर्षाला 300 किलो धरतं. किलोमागं 25 रुपये संस्था कापून घेते, त्यातून बोटुकली, ठेका आणि थोडी राखण भागते. घराला 75 रुपये किलोनं 22 हजार 500 मिळतात, त्यातून जाळ्याचा खर्च तो आपला भागवतो. संस्थेच्या वहीत नफा जवळपास शून्य! लेखापरीक्षक शेरा मारणार: संस्था नफ्यात नाही, कारभार असमाधानकारक. आणि काठावरच्या गावात सव्वाअकरा लाख रुपये 50 चुलींवर पोचलेले असतात, ते मात्र कुणाच्या शेऱ्यात येत नाहीत. ठेकेदारीत काठावर पोचले होते 3 लाख 20 हजार, आठ घरांत.

पण आता आपल्याच बाजूचं कडू सांगतो. काही पोरं माझ्यावर चिडतील, चिडू देत. त्याच तळ्यात 50 ऐवजी 150 घरं घुसवली तर प्रत्येकाला साडेसात हजार मिळतात. वर्षाचे. त्याला रोजगार म्हणायचं की उपासमारीची समान वाटणी? आणि 150 घरं 100 किलोवर थांबत नसतात. भुकेलेला माणूस जाळ्याचा डोळा बारीक करतो. बारीक डोळ्यात बोटुकली सापडते. आज शंभर ग्रॅमची धरली ती उद्या किलोची झाली असती. पुढच्या साली तळं 15 टनाचं 8 टनावर येतं. म्हणजे गॉर्डनसाहेब काठावर उभा राहून म्हणेल, बघा, मी सांगितलं नव्हतं? सगळ्यांना सभासद करा, ही घोषणा सभेत टाळ्या घेते आणि तळ्यात मासोळी मारते. मी तिच्या विरोधात आहे.

तेव्हा माणसं किती, हा प्रश्न टाळता येत नाही. तो कुणी ठरवायचा, यावर भांडण आहे. ठेकेदाराच्या नफ्यानं ठरवला तर आठ. निवडणुकीतल्या मतांनी ठरवला तर तीनशे. तळ्याच्या उताऱ्यानं ठरवला, आणि एका घराला वर्षातले निदान चार-पाच महिने नीट जगता येईल एवढं मिळालं पाहिजे असं बंधन घातलं, तर मधला कुठलातरी आकडा निघतो. आणि तो आकडा वाढवताही येतो! कारण आपल्या देशात धरणांतली मासोळी मुळातच फार कमी निघते. सुगुणन यांचा 1995 सालचा अभ्यास, जो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं छापला, सांगतो की भारतातल्या जलाशयांचा सरासरी उतारा हेक्टरी 20 किलोच्या आसपास होता. लहान तळ्यांचा 50, मध्यम आणि मोठ्यांचा 11-12. पाणी निकस नाही. बोटुकली वेळेवर पडत नाही, पडली तर जिऱ्याएवढी पडते आणि मरळीच्या पोटात जाते, आणि राखण कुणी करत नाही. 1957 साली हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन कटला-रोहूच्या जातीची पैदास तळ्याबाहेर करून दाखवली, आज 10 जुलैला देशभर मत्स्य शेतकरी दिवस म्हणून हार-तुरे होतात, आणि आमच्या तालुक्यातल्या तळ्यात सोडायला चांगली बोटुकली मागितली तर उत्तर येतं: पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात पाऊस संपलेला असतो.

कुणी म्हणेल, हे सगळं तुझं स्वप्नरंजन आहे, अडाणी मच्छीमारांनी धरण चालवलंय कधी? चालवलंय. आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशात. होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याला नर्मदापुरम म्हणतात) तवा नदीवर सत्तरच्या दशकात धरण झालं. गोंड आणि कोरकूंची गावं उठली. पाणी त्यांच्या वावरांवर, मासोळी ठेकेदाराची, आणि विस्थापित आपल्याच बुडालेल्या गावावर रात्री चोरून जाळं टाकणारे. ओळखीचं वाटतं ना? किसान आदिवासी संगठनेनं वर्षानुवर्षं झगडून 1996 साली त्या तळ्यातला मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या संस्थांच्या संघाकडे ओढून आणला. तवा मत्स्य संघ. दहा वर्षं त्यांनी तळं चालवलं. सरकारला स्वामित्वधन दिलं, बोटुकली सोडली, पावसाळ्याच्या विणीच्या काळात जाळी बंद ठेवली, धरणाऱ्याला किलोमागं दर वाढवून दिला, वर वर्षाअखेर बोनस. उत्पादन ठेकेदारीच्या काळापेक्षा वाढलं. नफाही आणि रोजगारही. मग 2006 साली ठेका संपला आणि नूतनीकरण झालं नाही. कारण? वाघ. जलाशय सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात येतो. धरणानं एकदा उठवलं, वाघानं दुसऱ्यांदा. ठेकेदारानं हरवलं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं.

आणि आपल्याकडे? इसापूरच्या पाण्यावर पक्षी अभयारण्याचा शिक्का आहे, टिपेश्वरात वाघ आहेत. मला वाघाचा राग नाही, बगळ्याचाही नाही. पण अभयारण्याचा नकाशा काढताना जाळंवाल्याला विचारायची रीत या राज्यात पडलेली नाही, एवढं ध्यानात ठेवा.

जगाच्या दुसऱ्या टोकाची गोष्टही सांगतो, म्हणजे हा फक्त यवतमाळच्या गरिबांचा रडका प्रश्न आहे असं कुणाला वाटू नये. आइसलंड. श्रीमंत देश, गोरे लोक, समुद्र त्यांचा. 1984 साली त्यांनी मासळीचे वाटे पाडले, कोटा. 1990 च्या कायद्यानं तो कोटा विकता येईल असं केलं. मासळी सांभाळली गेली, धंदा नफ्यात आला, हे खरं आहे. पण कोटा विकत घेता घेता मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला. किनाऱ्यावरच्या लहान गावांत धक्का उरला, नाव उरली, समोर समुद्रही उरला. मासे धरायचा हक्क तेवढा गेला. दोन मच्छीमार भांडत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि 2007 साली समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं की ही व्यवस्था भेदभाव करणारी आहे. म्हणजे पाणी सार्वजनिक आणि हक्क विकाऊ, हा खेळ तिकडेही तोच. आपल्या कोकणातही तोच: पर्ससीनवाला एका फेरीत ओढतो ते रापणीवाल्याला हंगामभर मिळत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले ते पारंपरिक मच्छीमारांनी रस्ते अडवले म्हणून. सरकारला मासळीची दया आली म्हणून नव्हे.

आता जातीवर येतो. येणारच होतो.

तळ्यावर हक्क कुणाचा? भोई, धिवर, कहार, केवट म्हणतात, आमचा. पिढीजात धंदा आमचा. त्यांचं खोटं नाही. पाणी कुठं खोल, वारा फिरला की कटला कुठल्या अंगाला सरकतो, वाम कुठल्या दगडाखाली, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे, विद्यापीठात नाही. याच भोयांनी सरदार-जमीनदारांच्या पालख्या खांद्यावर वाहिल्या आणि बदल्यात भटक्या जमातींच्या यादीत एक नंबर मिळाला. दुसरीकडे धरणात वावर बुडालेला बौद्ध, मांग, कोलाम, गोंड, बंजारा म्हणतो, पाण्याखाली जमीन माझी, आणि संस्थेत मला सभासद करत नाहीत कारण मी जातीनं मच्छीमार नाही. त्याचंही खोटं नाही. आणि ही दोघं काठावर भांडत असताना पांढऱ्या कपड्यांतला माणूस काटा लावतो.

बाबासाहेबांनी 1936 सालीच सांगून ठेवलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. तळ्यावर उभं राहिलं की हे पुस्तकातलं वाटत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हक्क जन्मावर नको, जाळ्यावर हवा. जो स्वतः पाण्यात उतरतो, ज्याच्या बोटांना दोरीचे घट्टे आहेत, जी बाई डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात बसते, आणि ज्याची जमीन त्या पाण्याखाली आहे आणि जो काम शिकायला तयार आहे, ते सभासद. बाकीचे कितीही मोठे असोत, काठावर. भोयाला त्याचं कसब म्हणून पहिला मान, शिकवण्याचा मोबदलाही द्या. पण कसब हा वतनाचा कागद नाही. आपण महारकीचं वतन लाथाडून आलो, आता दुसऱ्याच्या गळ्यात वतन घालायला निघायचं नाही आणि दुसऱ्याचं वतन हिसकावून आपलं करायलाही निघायचं नाही. 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित या शब्दात भूमिहीन, गरीब शेतकरी, कष्टकरी आणि स्त्रिया धरल्या होत्या. भोई त्यात बसतो की नाही, हे आपल्या पोरांनी सभेत ठरवावं. मी ठरवलंय.

एक गोष्ट तर आपल्या फायद्याची आहे आणि आपण तिच्याकडे पाहतच नाही. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मांडलं होतं की शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी. जमिनीचं झालं नाही. होऊ दिलं नाही. कसेल त्याची जमीन म्हणता म्हणता असेल त्याची राहिली. पण धरणाचं पाणी? ते तर आधीच राज्याचं आहे! तिथं कुणा जमीनदाराला नुकसानभरपाई द्यायची नाही, सातबारा फाडायचा नाही, कमाल धारणेचा कायदा करून त्याला पळवाटा ठेवायच्या नाहीत. फक्त ठेका कुणाला द्यायचा एवढं ठरवायचं आहे. एका शासन निर्णयानं होण्यासारखी गोष्ट आहे, आणि म्हणूनच होत नाही. चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला पाण्याला हात लावायचा हक्क मिळवला. त्या पाण्यातल्या पिकावर हक्क सांगायला आपण अजून गेलो नाही.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. राज्यघटनेच्या 39 (ब) मध्ये समाजाच्या भौतिक साधनांची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी असं आहे. पेसा कायदा 1996 चा, त्यात अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे द्यायचं आहे. केळापूर, राळेगाव, घाटंजी, मारेगाव भागातल्या पोरांनी आपलं गाव यादीत आहे का ते बघावं. 2006 च्या वनहक्क कायद्यात तर सामूहिक हक्कांत जलाशयातली मासळी हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. किती ग्रामसभांनी दाव्यात तळं घातलं? जंगल घातलं, तेंदू घातला, डिंक घातला. तळं विसरलो, कारण मासोळी म्हणजे भोयाचं काम हे आपल्याही डोक्यात बसलंय.

सरकार सध्या नवं खूळ दाखवतंय: पिंजरे. 2020 साली मत्स्य संपदा योजना आली, 20 हजार 50 कोटींची. धरणात तरंगते पिंजरे, त्यात पंगास नाहीतर तिलापिया, वरून गोळी-खाद्य. उत्पादन वाढतं, मी नाकारत नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के अनुदान, इतरांना 40. ऐकायला गोड. एका पिंजऱ्याचा खर्च योजनेत 3 लाख धरलाय. 60 टक्के वजा केले तरी 1 लाख 20 हजार आपण घालायचे, वर खाद्याचा पैसा रोजचा. आणि तळ्याचा ठेकाच हाती नसेल तर पिंजरा बांधायचा कुठं, न्हाणीत? म्हणजे होतं काय, की ज्याच्याकडे ठेका आणि भांडवल आहे तो आपल्या गड्याच्या, गड्याच्या बायकोच्या नावानं पिंजरे घेतो. अनुदान आपल्या जातीच्या दाखल्यावर, मासोळी त्याच्या टेम्पोत. दाखला भाड्यानं देण्याचा हा नवा धंदा आपल्यातही सुरू आहे. नावं घेत नाही, पण वाचणाऱ्याला कळेल.

शिवाय पिंजऱ्यांच्या ओळीला माणसं किती लागतात? खाद्य टाकायला, राखायला, काढायला, चार-सहा. म्हणजे पुन्हा तेच: टन वाढले, हात घटले. पिंजरे लावायचेच तर संस्थेच्या मालकीचे लावा, तळ्याच्या एका कोपऱ्यात, बाकी पाणी जाळंवाल्यांना मोकळं ठेवून, आणि त्यातला नफा पावसाळ्याच्या बंद महिन्यांत सभासदांना भत्ता म्हणून वाटा. तसं केलं तर नफा आणि रोजगार एकमेकांच्या उरावर बसणार नाहीत. नफ्यानं रोजगाराला बंदीच्या काळात पोसायचं. तवावाल्यांनी धरणाऱ्यांना बोनस दिला तो याच वाटेवरचा.

2025 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दरानं वीज, कर्ज, विमा वगैरे. पेढे वाटले गेले. यवतमाळात शेतीचा दर्जा म्हणजे काय ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि शेती म्हटली तर कुळाचा प्रश्न आलाच की! ज्याच्या नावावर ठेका त्याला कर्ज, त्याला विमा. जाळं ओढणारा या शेतीत कोण? सालगडी.

पाण्याचंही तेच. धरण मुळात सिंचनाचं नाहीतर पिण्याचं. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की तळ्याचं डबकं होतं. 2018 ला निळोणा आणि चापडोह आटले, यवतमाळ शहर टँकरवर आलं, मोर्चे निघाले, बातम्या झाल्या, आणि रास्तच झालं. पण पाणी आटलं की मासोळीही मरते, ज्यानं ठेक्याची रक्कम आगाऊ भरली त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. मोठा ठेकेदार एक बुडीत वर्ष सोसतो. 50 घरांची संस्था एका बुडीत वर्षात मोडते आणि पुढच्या वर्षी पांढऱ्या कपड्यांच्या माणसापुढं हात जोडून उभी राहते. पोटठेका असा जन्मतो. आळसातून नाही, कोरड्या वर्षातून. म्हणून ठेक्याची रक्कम पाण्याच्या पातळीला बांधली पाहिजे: तळं अमुक पातळीच्या खाली गेलं तर तेवढी सूट, अर्ज-विनंतीशिवाय. आणि पोटठेका सापडला तर ठेका रद्द करून ती संस्था न मोडता तिच्यातल्या खऱ्या धरणाऱ्यांच्या हाती द्यावी. नाहीतर चोराला शिक्षा म्हणून घर जाळल्यासारखं होतं.

बाजाराचं थोडक्यात. आंध्रची बर्फातली मासोळी आमच्या आठवडी बाजारात येते आणि भाव पाडते. काठावरच्या बाईकडे बर्फ नाही, म्हणून दुपार कलली की ती मिळेल त्या भावाला टोपलं रिकामं करते. एक बर्फाची पेटी आणि स्वतःचा काटा, एवढ्यानं किलोमागं जे वाचेल ते कुठल्या अनुदानापेक्षा जास्त. यासाठी कोटी लागत नाहीत.

आता करायचं काय. आपल्या तालुक्यात जी तळी आहेत त्यांचा करारनामा माहितीच्या अधिकारात मागा. यवतमाळच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या हापिसात अर्ज करायचा, दहा रुपयांचं तिकीट लावून. चार गोष्टी मागायच्या: ठेका कुणाच्या नावानं आहे, सभासदांची यादी, गेल्या पाच वर्षांत किती बोटुकली कधी सोडली, आणि मासोळी कुणाच्या बिलावर विकली गेली. सभासदांची यादी घेऊन काठावर जा आणि एकेक नाव विचारा, हा माणूस पाण्यात उतरतो का? भोयांच्या वस्तीत आधी जा, निळा झेंडा मागून न्या. ते आपल्याला घाबरतात, त्यांना सांगितलं गेलंय की आपण त्यांचं तळं घ्यायला आलो. करारनाम्यावर ठेका संपण्याची तारीख असते. त्या तारखेच्या सहा महिने आधी दोन्ही वस्त्यांची एक सभा झाली पाहिजे, आणि ती सभा तळ्याच्या काठावर, ठेकेदाराच्या काट्यासमोर झाली पाहिजे.